करवीरातील एकाकी निष्ठा

कोल्हापूर नगरात, संस्थानी अंमल असताना, १८५२ साली रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी अहमदनगरची सहा वर्षांची अध्यापनसेवा आटोपून सपत्नीक येऊन राहिला. प्रकृती ढासळल्याने तो स्वदेशी गेला असता, शाळांपेक्षा उपदेशालाच प्राधान्य देणाऱ्या त्याच्या मंडळाने कोल्हापूरचे कार्य बंद केले. तथापि मुलांना शिक्षण देणे हे प्रभूच्याच सेवेचे अंग होय, या मतापासून तसूभरही न ढळता, १८६१ साली तो कोणत्याही मंडळाच्या आश्रयाविना परतला, आणि १८७० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मंडळाने कार्यभार स्वीकारीपर्यंत, मिळेल त्या देणग्यांवर, त्याने ते चालविले.

मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा ही मधली वर्षेच अधिक मोलाची वाटतात. वेतनाची शाश्वती नाही, पाठीशी संस्था नाही, अशा स्थितीत रोज सकाळी शाळा उघडणे यालाच मी श्रद्धेचे बळ म्हणतो. व्याधी आणि विरह यांनी माझी प्रार्थना कुंठित होते तेव्हा मला तोच आठवतो. त्या खडतर काळातच, १८६३ साली, कोल्हापुरात त्याचा पुत्र रॉबर्ट जन्मला. पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांना मिशनकार्यास प्रवृत्त करणाऱ्या चळवळीचा तो एक आद्य प्रवर्तक झाला.