जीपचा कांटा आणि रस्त्यांतील दगड

आमच्या गोसीखुर्दच्या बाजूला एक फार जुनी जीपगाडी आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी गाड्या युद्ध संपल्यावर विक्रीस निघाल्या, त्यांपैकीं ही एक. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधी यांच्या हस्तें वैनगंगेवरील धरणाची कोनशिला बसली, तेव्हां ही गाडी आधींच म्हातारी झाली होती. पुढें जलाशय भरला, नदीकांठचीं गांवें उठलीं, कित्येक वाटा पाण्याखालीं गेल्या. गाडी मात्र अद्याप चालते, आणि लग्नसराईंत मैलाच्या हिशेबानें भाड्यानेंहि जाते.

तिचा गिअरबॉक्स मोडला. शहरांतील एका मिस्त्रीनें त्याच्या ऐवजीं दुसऱ्या एका जीपमधील सबंध जोडणी आणून बसविली. गाडी उत्तम चालूं लागली. परंतु मालकाच्या ध्यानांत आलें कीं, नेहमींच्या खेपेचे मैल आतां कमी भरतात! त्यानें तें कोडें माझ्यापुढें आणून टाकलें. शाळामास्तराला त्रैराशिक सांपडलें कीं तो सोडीत नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, ज्याला आपण वेगमापक म्हणतों तें यंत्र वेग मोजीतच नाहीं. तें केवळ फेरे मोजतें. ही युक्ति फार प्राचीन आहे. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत एका रथाचें वर्णन केलें आहे. त्या रथाच्या चाकाचे ४०० फेरे झाले म्हणजे ५,००० फूट, अर्थात् एक रोमन मैल, पुरा होई, आणि दांतेरी चाकांच्या योगानें एक खडा खालच्या पेटींत पडे. संध्याकाळीं खडे मोजले कीं प्रवास कळला. कंपनी सरकारच्या काळांत आपल्याकडील रस्त्यांची मोजणीहि असेंच एक चाक हातानें ढकलीत नेऊन होत असे. परंतु सर्व्हेचा महापंडित लॅम्टन मात्र आपली पायारेषा चाकानें नव्हे, पोलादी सांखळीनें मोजी. पायांतील चूक वरच्या साऱ्या त्रिकोणांत जाते, हें त्याला ठाऊक होतें. हाच लॅम्टन १८२३ सालीं आमच्या विदर्भांत, हिंगणघाट येथें, कामावर असतांनाच वारला. मोजमापाचा विषय निघाला कीं मला त्याची आठवण होते, ती अस्थानीं नाहीं.

फेऱ्यांवरून वेग दाखविण्याची कला मात्र अर्वाचीन होय. १९०२ सालीं ओटो शुल्झ या जर्मन गृहस्थानें तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. गाडीच्या यंत्रांतून एक लवचिक तार कांट्यापर्यंत येते व एका लोहचुंबकास फिरविते. चुंबकाला न टेकतां त्याच्या भोंवतीं एक ॲल्युमिनियमची वाटी बसविलेली असते. चुंबक फिरला कीं वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात व ती त्याच्यामागें ओढली जाते. बारीक कमान तिला आंवरून धरते. या ओढाताणींत कांटा जेथें थांबेल, तो वेग. मैलांचे आंकडे फिरविणारी चाकें मात्र त्याच तारेवर दांत्यांनीं जोडलेलीं असतात. तेथें चुंबक नाहीं, कमान नाहीं, निव्वळ मोजणी.

अमेरिकन गाड्यांत बहुधा एका मैलास तारेचे १,००० फेरे असा ठराव असे, म्हणजे किलोमीटरला सुमारें ६२१. आतां हिशेब पाहा. जीपच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर किलोमीटरला चाकाचे ४४४ फेरे होतात. लष्करी जीपच्या मागच्या आंसांत चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे ४.८८ फेरे पडतात. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्यें हेंच प्रमाण ५.३८ केलें गेलें. म्हणून पहिलीचा दांडा किलोमीटरला सुमारें २,१६७ वेळां फिरतो, आणि दुसरीचा २,३८९ वेळां. तारेचे फेरे दोहोंकडे ६२१ च हवेत. तेव्हां तारेच्या टोकाशीं असलेल्या लहानशा दांतेरी चाकाचें माप दोन्ही गाड्यांत निराळें असलें पाहिजे, हें उघड आहे.

येथेंच मिस्त्रीची गफलत झाली. जीपमध्यें ही तार गिअरबॉक्समधून निघत नाहीं; त्याच्या मागें जो ट्रान्सफर केस असतो, त्यांतून निघते. मिस्त्रीनें नुसता गिअरबॉक्स बदलला असता तर कांट्यास धक्काहि लागला नसता! पण त्यानें आणलेल्या जोडणींत नागरी जीपचा ट्रान्सफर केस होता, आणि त्यांत दांतेरी चाकहि त्याच जीपचें. आंस लष्करी, चाक नागरी. तार दहाच्या ठिकाणीं सुमारें नऊच फेरे करूं लागली.

भाड्याचे पैसे बुडाले तें एक सोडा. मला भय वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. कांटा ४० दाखवीत असतां गाडी ४४ मैलांनीं धांवत होती, आणि मागच्या बांकांवर वऱ्हाडांतील पोरें बसलेलीं.

आम्ही पवनीच्या रस्त्यावर परीक्षा घेतली. मोजमापाचा कायदा १९५६ सालीं झाला व कालांतरानें मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. गाडीचा कांटा मात्र जुना, मैलांचाच. १६ किलोमीटर म्हणजे ९.९ मैल व्हावयास पाहिजेत. आंकडे ९ वर आले. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, कमान थोडी सैल करतों, कांटा वर येईल." मीं मनाई केली. कमान सैल केल्यानें कांटा खरें बोलेल. आंकडे खोटेंच बोलत राहतील, आणि मग दोहोंचा मेळ कधींच बसणार नाहीं.

मोडलेल्या जुन्या जोडणींतील मूळचें दांतेरी चाक भंगारांत पडलें होतें. तें काढून पाहिलें तों त्याचे दांत झिजून गेलेले. मग तसल्याच मापाचें दुसरें शोधावें लागलें. तें तंतोतंत बसलें असें नाहीं. अर्धा दांत कोणी पाडीत नाहीं, तेव्हां हिशेब अपूर्णांकांत आला तरी चाक पूर्णांकांतच घ्यावें लागतें. पुन्हा त्याच दगडापासून निघालों. १६ किलोमीटरला आंकडे ९.८ वर थांबले.

मधल्या महिन्यांत जे मैल आंकड्यांवर चढलेच नाहींत, ते चढवून घ्यावे काय, असें मालकानें विचारलें. मीं त्याला डब्यांतील वहींत तारीख घालून तेवढा फरक लिहून ठेवावयास सांगितलें. आंकड्यांना आम्ही हात लावला नाहीं.