इंजिन थंड असताना

कुवेतमध्ये अकरा वर्षं काढून आलेल्या माझ्या मावसभावाला जेट बोट घ्यायची होती. जुनी, वापरलेली, दहा माणसांची. दिघी-मुरुडच्या खाडीत पर्यटकांना फिरवायचं हा त्याचा बेत. बोट मुंबईत दारूखान्याजवळच्या एका आवारात होती. सोबत कोण, तर आमचे एक चाचा, ज्यांनी चाळीस वर्षं मच्छीमारी बोटींवर इंजिन चालवलं. आणि मी, कारण मला कागद वाचता येतात.

निघण्याआधी चाचांनी एकच अट घातली. "मालकाला येल सांगायची नाय. सकाळी पोचायचं, इंजन थंड असताना. हात लावून गरम लागलं तर समज, त्यानं आपल्यापासून काय तरी लपवलंय."

यात मोठा अर्थ आहे. इंजिनाचा खरा स्वभाव पहिल्या स्टार्टला कळतो. दाब कमी झालेलं, रिंगा झिजलेलं डिझेल इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरतं, पांढरा धूर सोडतं आणि तो लवकर थांबत नाही. तेच इंजिन विकणाऱ्याने अर्धा तास आधी तापवून ठेवलं की पहिल्या चावीला शहाण्या मुलासारखं सुरू होतं.

आम्ही आदल्या रात्री डोंगरीत नातेवाइकांकडे राहिलो आणि सकाळी सातला आवारात हजर झालो. चाचांनी झाकण उचलून इंजिनावर तळवा ठेवला. गरम होतं. मालक म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून जरा बघून ठेवलं." फोन भावानेच केला होता. चाचा काही बोलले नाहीत. एका उलट्या टाकलेल्या होडीवर बसले आणि म्हणाले, "थंड होऊ दे."

इंजिन थंड व्हायला तीन-चार तास लागतात. तेवढ्या वेळात चाचांशी बोलताना जे डोक्यात फिरत होतं, ते इथे लिहितो आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे दर्याचे शब्द पाहा. दर्या आणि बंदर फारसी, लंगरही फारसी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, जहाजाचा धनी. सारंग हा फारसी सरहंग, म्हणजे सरदार. मालम हा अरबी मुअल्लिम, म्हणजे शिक्षक, कारण वाट दाखवणारा तो गुरू. सुकाणू हा अरबी सुक्कान. हे शब्द कोळी, भंडारी, मुसलमान सगळ्यांच्या तोंडी सारखेच आहेत. ते कुणी लादले नाहीत, शतकानुशतकं अरबस्तानशी चाललेल्या व्यापारातून ते किनाऱ्याला लागले. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांशी झुंजताना शिवाजी महाराजांच्या आरमाराचं नेतृत्व दौलतखानाकडे होतं, आणि त्याच आरमारात दर्यासारंग ही पदवीही होती. खांदेरी आजही थळच्या समोर दिसते.

मात्र इंजिनाची झाकणं उघडली की भाषा बदलते. पिस्टन, रिंग, नोझल, गिअर, बेअरिंग, गास्केट. एकही शब्द आपला नाही. शीड ज्यांचं होतं, त्यांच्या हातात इंजिन फार उशिरा आलं.

आगबोटी आल्या तेव्हाही असंच झालं. एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून धरमतर, रेवस आणि पुढे कोकणात जाऊ लागल्या. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर कोकणी मुसलमान खलाशी आणि सारंग म्हणून डेकवर असत. खालच्या इंजिनघरात आगवाला, तेलवाला, कोयलावाला अशी पदं होती, आणि इंग्रजांच्या करारपत्रांतही ती याच नावांनी लिहिली जात. पण त्या घरात मुख्यतः पंजाबी आणि पठाण भरती होत. म्हणजे आमची माणसं दोर, वारा आणि भरती-ओहोटी ओळखत होती, पण पायाखालच्या यंत्राशी त्यांचा संबंध नव्हता. १९१७ च्या अंतर्गत आगबोट कायद्यात परवान्यांचे प्रकार दिले होते. त्यात दुय्यम मास्टरच्या जोडीला चक्क 'सारंग' हा शब्द होता, आणि इंजिन ड्रायव्हरचा परवाना वेगळा. फारसी शब्दाला इंग्रजी कायद्यात जागा मिळाली, पण इंजिनाच्या परवान्यासाठी आपल्याकडे शब्द नव्हता. तो अजूनही नाही. चाचाही स्वतःला 'डायवर' म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर मत्स्यव्यवसाय खात्याने यांत्रिकीकरणासाठी कर्जं द्यायला सुरुवात केली. तेव्हा शिडाच्या मचव्यात छोटी डिझेल इंजिनं बसू लागली. नवं इंजिन घेण्याची ऐपत मोजक्यांची. बाकीच्यांसाठी दारूखाना होता. जहाजं तोडली जात, ट्रक भंगारात निघत, आणि त्यांची इंजिनं धुऊन, रंगवून विकायला मांडली जात. १९८३ पासून गुजरातेत अलंगला मोठी जहाजं फोडली जाऊ लागल्यावर लाइफबोटी आणि त्यांची इंजिनं रस्त्याकडेच्या दुकानांत मिळू लागली. चाचांच्या आयुष्यातलं पहिलं इंजिन ट्रकमधून निघालेलं होतं. गोड्या पाण्यावर थंड होणारं ते इंजिन खाऱ्या पाण्यावर आणायचं तर काय काय बदलावं लागतं, हे त्यांनी कुठल्याही शाळेत शिकलं नाही. इंजिनं बिघडवूनच ते शिकले. या किनाऱ्याचा यांत्रिक इतिहास बराचसा दुसऱ्याने वापरून टाकलेल्या यंत्रांचा इतिहास आहे. असा इतिहास गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

जेट बोट मात्र चाचांनीही कधी हाताळली नव्हती. ती जन्मली न्यूझीलंडमध्ये. बिल हॅमिल्टन या शेतकरी-इंजिनिअरला आपल्या भागातल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांमधून वर जायचं होतं, आणि पंखा असलेली बोट तिथे टिकत नव्हती. १९५० च्या दशकात त्याने बोटीच्या तळातून पाणी खेचून मागच्या तोंडातून जोरात फेकणारी रचना व्यवहारात आणली. कल्पना जुनी होती. अमेरिकेत जेम्स रम्सीने १७८७ मध्येच पोटोमॅक नदीवर वाफेच्या जोरावर पाणी फेकून बोट चालवून दाखवली होती. हॅमिल्टनने ती साध्या माणसाच्या उपयोगाची केली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाला आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडेपर्यंत वर गेला.

चाचा बोटीखाली वाकले, जाळीतून आत बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तर पंप हाय. शेतावरचा." अगदी बरोबर. फक्त शेतावरचा पंप स्वच्छ विहिरीतून पाणी ओढतो आणि हा पंप आमच्या खाडीतून ओढणार. रायगडच्या किनाऱ्यावर पुळणीची वाळू आहे, खाडीत चिखल, आणि दोन्हीकडे जाळ्यांचे तुटके धागे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. उथळ पाण्यात बोट जोरात चालवली की वाळू आत जाते आणि फिरणाऱ्या पात्यांची टोकं व त्यांच्या भोवतीची रिंग घासते. त्या दोघांमधली फट वाढली की इंजिन ओरडतं, आकडा वर चढतो आणि बोट मात्र हलल्यासारखं करते. नवखा माणूस याला इंजिनाचा दोष समजतो आणि चांगलं इंजिन उघडून बसतो. उलटंही घडतं. इंजिन मरतुकडं असतं आणि विकणारा म्हणतो, पात्यांना थोडं घासायचंय.

माझ्या मनात मात्र वेगळीच गोष्ट अडकून राहिली. जेट बोटीला सुकाणू नसतं. पाणी फेकणारं तोंडच डावीकडे-उजवीकडे वळतं आणि त्यानेच बोट वळते. इंजिन बंद पडलं की वेगाबरोबर दिशाही जाते. पंख्याच्या बोटीचं इंजिन थांबलं तर उरलेल्या वेगात निदान सुकाणूने खडक चुकवता येतो. इथे चाक फिरवत बसा, काही होत नाही. म्हणून जुनी जेट बोट घेताना इंजिन तपासणं म्हणजे सुकाणू तपासणं.

इंजिन बंद पडलेली बोट आमच्या किनाऱ्यावर काय करू शकते, हे १८ ऑगस्ट २०२२ ला सगळ्या देशाने पाहिलं. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. तासाभरात टीव्हीवर १९९३ सुरू झालं. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच तालुक्यात शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली होती, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. त्या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले, पण लोकांच्या आठवणीत किनाऱ्यावरची वस्ती तेवढी राहिली. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड. याच म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

त्या दिवशी नाकाबंदी लागली आणि फोनवर फोन आले. संध्याकाळपर्यंत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी खुलासा केला. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती आणि मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जूनला तिचं इंजिन बिघडलं, खलाशांनी मदत मागितली, कोरियाच्या युद्धनौकेने त्यांना वाचवलं, पण खवळलेल्या समुद्रात नौका ओढून नेता आली नाही. ती सुमारे दोन महिने वाहत वाहत आमच्या दारात आली. म्हणजे एका इंजिनाच्या बिघाडाने एका तालुक्याला दिवसभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. माझी मावशी तो दिवस विसरलेली नाही. मुलगा वेगवान बोट घेतोय हे कळल्यावर तिने विचारलं होतं, "कागद कुणाच्या नावावर हायत?" किंमत तिने नंतर विचारली.

साडेअकराला चाचांनी पुन्हा तळवा ठेवला. आता थंड. आधी त्यांनी ऑइलची पट्टी काढून बोटांत तेल चोळलं. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ होतं, चहाच्या रंगाचं. हे काळं आणि स्वच्छ होतं. मग चावी. इंजिन दुसऱ्या फेऱ्यात धरलं, थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. निळा नाही, म्हणजे तेल जळत नाही. ओझ्याखाली काळा धूर येतो का, हे कोरड्या जागी कळत नाही, म्हणून चाचांनी बोट पाण्यात उतरवायला लावली. अर्धा तास पूर्ण जोरात पळवली. बाहेर पडणाऱ्या पाण्याला हात लावून ते पाहत होते, किती गरम येतं. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात मीठ साचून नळ्या तुंबतात आणि तो आजार पाण्याच्या गरमपणातच आधी कळतो. परतल्यावर म्हणाले, "इंजन चांगलं हाय. सकाळी उगाच तापवलंन. सवय असते."

पात्यांची रिंग घासलेली होती, ती बदलावी लागणार होती. मालक तेवढे पैसे सोडायला तयार झाला. भावाचा चेहरा उजळला.

मग माझं काम आलं. मेरीटाइम बोर्डाच्या नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर होता. इंजिनाच्या अंगावरची पट्टी मी कापडाने पुसली आणि मोबाइलचा उजेड पाडला. शेवटचे चार आकडे जुळेनात. मालक म्हणाला, आधीच्या माणसाने इंजिन बदललं असेल, त्यात काय, सगळेच बदलतात. तेही खोटं नव्हतं. दारूखान्यातून इंजिन आणून बसवायचं आणि कागद तसाच ठेवायचा, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. चाचांच्याही बोटींचं तसंच होतं. पण तेव्हाच्या आणि आताच्या किनाऱ्यात फरक आहे. उद्या खाडीत कुणी बोट अडवली, तर विचारणारा इंजिनाचा आवाज ऐकणार नाही, नंबर वाचेल.

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. अकरा वर्षांच्या कमाईचा प्रश्न होता, आणि इंजिन खरोखर चांगलं होतं. शेवटी तो मालकाला म्हणाला, "आधीच्या मालकाकडून इंजिन खरेदीची पावती आणि नोंदीत दुरुस्ती करून द्या. महिनाभर थांबतो." मालक हसला. महिनाभर बोट राहणार नाही म्हणाला.

आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' आगबोट याच धक्क्यावरून याच रेवसला निघाली होती. अमावास्येचा सुमार होता आणि रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता, माणसं घराकडे निघालेली. काशाच्या खडकाजवळ तुफानाने गाठलं, लाटेने बोट कलंडली, लोक घाबरून एका बाजूला धावले, आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १९३६ मध्ये इंग्लंडात बांधलेली, अवघी अकरा वर्षांची बोट. इंजिनाने दगा दिला नव्हता. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा मात्र त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती.

काशाचा खडक दिसू लागला तसा भावाने विचारलं, "चाचा, ह्या लाँचचं इंजन कसं हाय?"

चाचा लाकडी बाकावर मान टेकून डोळे मिटून बसले होते. "तीन नंबरचं नोझल गळतंय," ते म्हणाले, "पण रेवसपर्यंत जाईल."