वरदान म्हणून वाचलेले संकट

जागतिक तापमानवाढ हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर गेल्या तीन-चार दशकांतच पडू लागला. त्यामुळे त्यामागचे ज्ञानही तितकेच अलीकडचे असावे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात दोनशे वर्षांमागे जाते. मग इतका काळ ते ज्ञान असणाऱ्यांना त्यात संकट का दिसले नाही? संहितेचा अर्थ वाचकाच्या स्थानावरही अवलंबून असतो, हे मानणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रश्न विचारायला हवा.

पृथ्वीभोवतीचे वातावरण उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२४ साली मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइड सर्वाधिक तापतो, असे नोंदवले. हा वायू वातावरणात वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, हा निष्कर्षही त्यांनी काढला होता. परंतु त्यांचे नाव पुढे जवळपास दीड शतक विस्मृतीत गेले. १८५९ पासून जॉन टिंडाल यांनी विविध वायू उष्णतेचे प्रारण किती शोषतात, याची मोजमापे सुरू केली.

१८९६ साली स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी गणित मांडले: हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान पाच ते सहा अंशांनी वाढेल. त्यांना मुळात उलगडायचे होते ते हिमयुगाचे कोडे. कोळशाच्या ज्वलनाने हा वायू वाढेल, हे त्यांनी ओळखले होते. पण ही वाढ अतिशय संथ असेल, असा त्यांचा अंदाज होता. पुढे सामान्य वाचकांसाठी लिहिताना तर थंड प्रदेशांना सौम्य हवामान आणि भरघोस पिके लाभतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. १९३८ मध्ये बाष्पशक्तीचे इंग्रज अभियंते गाय कॅलेंडर यांनी सुमारे दीडशे वेधशाळांच्या नोंदींवरून तापमान प्रत्यक्षात वाढत असल्याचे दाखवले. त्यांनीही या वाढीचे स्वागतच केले: उत्तरेकडील शेतीला ती उपकारक ठरेल आणि हिमनद्यांचे पुनरागमन लांबेल.

या दोघांच्या बुद्धीला वा हेतूला दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या भयाचे नाव बर्फ होते, म्हणून ऊब त्यांना आश्वासक वाटली. मात्र ज्यांना उन्हाळ्याचे भय आहे आणि ज्यांचे वर्ष पावसावर ठरते, ते लोक या वाचनात कोठेच नव्हते.

दरम्यान कोळशाच्या जोडीला खनिज तेल आले आणि जंगलतोडही चालू राहिली. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजला, तेव्हा ३१५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये त्याची सरासरी ४२० च्या पुढे गेली. संथ वाटलेली वाढ काही पिढ्यांतच घडली.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. अरबी समुद्रही तापतो आहे आणि तेथील तीव्र चक्रीवादळे वाढली आहेत. एखादे वादळ केवळ तापमानवाढीनेच झाले, असे म्हणता येत नाही; तरी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा येऊ घातलेल्या काळाचे रूप कोकणाने पाहिले. सुपारीचे झाड फळ धरायला काही वर्षे घेते. पिढीजात बाग एका दुपारी जाते.

अऱ्हेनियस यांनी कोळशाचा हिशेब मांडला, तेव्हा या बागा त्यांच्या नजरेच्या कक्षेत नव्हत्या. आज त्या असू शकतात. तापमानवाढीचे कोष्टक वाचताना आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत, हे आधी स्वतःला विचारणे, एवढी शिस्त तरी या इतिहासाने आपल्याला लावावी.