अजूनही रोलच?

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाची मिरवणूक चर्चच्या आवारातून बाहेर पडत होती. चाकण येथील एका वाहन कारखान्यात काम करणारा एक तरुण गळ्यात जुना कॅमेरा अडकवून फाटकापाशी उभा होता. मरियामातेची मूर्ती समोर येताच त्याने एकच छायाचित्र घेतले आणि अंगठ्याने खटका ओढून रोल पुढे सरकवला. त्या आवाजाने शेजारची मुले धावत आली व कॅमेऱ्याच्या पाठीकडे पाहू लागली. तेथे पडदा नव्हता, नुसते काळे झाकण होते. "दाखव ना!" मुले म्हणाली. "आता नाही दिसणार, रोल धुऊन यायला पंधरा दिवस लागतील," तो म्हणाला. मुले खो खो हसली. एका गृहस्थांनी विचारले, "अरे, अजूनही रोलच? कंपनी पगार देते ना तुला?" दुसरे हळूच म्हणाले, "खूळ आहे हल्लीच्या पोरांचे." एका वृद्ध भगिनीने मात्र कॅमेऱ्यावरून हात फिरवला व म्हणाली, "आमच्या लग्नात अस्साच होता रे, बाळा."

उपहास, संशय आणि गहिवर, या तीन प्रतिक्रिया दोन मिनिटांत माझ्यासमोर उमटल्या. नंतर विचार करताना ध्यानात आले, की छायाचित्रणाचा इतिहास हा जसा यंत्रांचा आहे, तसाच या तीन प्रतिक्रियांचाही आहे. कॅमेरा बदलत गेला. त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाचा स्वभाव फारसा बदलला नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली. ही विद्या आपल्याकडे पोहोचायला फार काळ लागला नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. छायाचित्रकार बाहेर निघाला की त्याच्याबरोबर तंबू, बाटल्या आणि काचांच्या पेट्या निघत.

लोकांना या पेटीचे भय वाटे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्यात छायाचित्रांचा व्यवसाय केला. परंतु कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो व आयुष्य घटते, अशी समजूत तेथे पसरल्याने त्यांच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. त्याच फाळक्यांनी १९११ साली मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिले आणि आपल्याही देवादिकांच्या कथा पडद्यावर याव्यात ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' अवतरला. त्यासाठी कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत असत. भारतीय चित्रपटाचा जन्म असा एका मराठी गृहिणीच्या हातून, अंधाऱ्या खोलीत झाला.

युरोपातील सुशिक्षितांची प्रतिक्रिया आपल्याहून फार शहाणपणाची होती असे नाही. १८९८ साली इटलीतील तुरिन येथे पवित्र कफनाचे प्रदर्शन भरले असता सेकोंदो पिया या हौशी छायाचित्रकाराला त्याचे छायाचित्र घेण्याची अनुमती मिळाली. पेशाने ते वकील होते. २८ मेच्या रात्री त्यांनी मोठ्या काचेच्या प्लेटींवर चित्र घेतले. प्लेट धुताना, कफनावर जे अस्पष्ट डाग दिसतात त्यांच्या जागी निगेटिव्हवर एक शांत, सुस्पष्ट मुखमंडल त्यांना दिसले. हे वृत्त प्रसिद्ध होताच कौतुकाबरोबर आरोपही सुरू झाले: यांनी काच बिघडवली, यांनी दोनदा चित्र घेतले, यांनी लबाडी केली. पुढे १९३१ साली ज्युसेप्पे एन्री या व्यावसायिक छायाचित्रकाराने नव्या साधनांनी पुन्हा छायाचित्रे घेतली तेव्हा तेच मुखमंडल दिसले. तेहतीस वर्षांनी पिया निर्दोष ठरले. तोपर्यंत ते पंचाहत्तरीला आले होते. १९८८ साली झालेल्या कार्बन परीक्षणाने त्या वस्त्राचा काळ १२६० ते १३९० असा दाखवला व वाद अद्याप चालू आहे, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु कापड कोणत्याही शतकातले असो, सेकोंदो पिया यांनी जे पाहिले तेच दाखवले होते.

ख्रिस्तसभेने मात्र या नव्या विद्येकडे सर्वत्र संशयानेच पाहिले असे नाही. इटलीतील पेरुजा येथे असताना कार्डिनल पेच्ची यांनी १८६७ साली छायाचित्रकलेवर एक लॅटिन कविता लिहिली होती. हेच पुढे पोप लिओ तेरावे झाले. १८८६ साली भारतातील धर्मप्रांतांची रचना त्यांनीच केली व आपला पुणे धर्मप्रांतही त्याच वर्षी अस्तित्वात आला. ज्या पोपमहाशयांमुळे आपल्याला धर्मप्रांत लाभला, त्यांना काचेवर उमटणाऱ्या प्रकाशाचे कौतुक होते, ही गोष्ट मला लोभस वाटते.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी रोलचा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा टीका उलट्या दिशेने झाली. ज्यांनी तंबू व काचा वाहिल्या होत्या ते म्हणाले, आता कोणीही उठून फोटो काढणार, मग कलेचे काय? पुढे १९२५ साली लहान फिल्मवरचा लायका कॅमेरा आला, तेव्हा मोठ्या प्लेटी वापरणाऱ्यांनी त्याला खेळणे म्हटले. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक कृष्णधवल चित्र नोंदवायला त्याला तेवीस सेकंद लागत. आपले फोटो दूरदर्शनच्या पडद्यावर कोण पाहत बसणार, असे तेथील वरिष्ठांना वाटले. त्याच कंपनीने २००९ साली कोडाक्रोम ही विख्यात फिल्म बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कोडाक्रोमचा अखेरचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला होता. त्यातील काही चित्रे त्यांनी आपल्या मुंबईत घेतली. नव्याला 'कशाला?' आणि जुन्याला 'अजूनही?' हे दोन प्रश्न जणू जुळी भावंडे आहेत.

आपल्या या पट्ट्याला तर 'अजूनही?' हा प्रश्न विशेष जवळचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने आले; १९७० साली नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. पुढे यंत्रांचा हा ओघ चाकणकडे वाहिला. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, अहमदनगर अशा ठिकाणांहून आलेली ख्रिस्ती कुटुंबे याच पेनिसिलिनच्या व वाहनांच्या कारखान्यांवर स्थिरावली. येथे यंत्र जुने झाले की भंगारात जाते. जुन्याला चिकटणारा कामगार मागे पडतो. म्हणून येथला माणूस रोलच्या कॅमेऱ्याला हसतो तेव्हा त्यात दुष्टावा नसतो. आपण मागे पडू, ही भीती त्या हसण्यात असते.

परंतु याच पट्ट्याची दुसरीही बाजू आहे. आकुर्डीत बनणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. ती स्कूटर काळाआड गेली आणि २०२० साली विजेवर चालणारी होऊन त्याच नावाने परतली. नाव ऐकताच वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले. तसेच, ओतकामात किंवा जोडकामात आत भेग राहिली आहे का हे पाहण्यासाठी किरणोत्सर्गी इरिडियम वापरून चित्र घेतात, ते आजही पुष्कळदा फिल्मवरच घेतले जाते. तेथे कोणी 'अजूनही रोलच?' असे विचारून हसत नाही, कारण ती फिल्म पुरावा म्हणून जपून ठेवायची असते. म्हणजे फिल्म जुनी झाली म्हणून आपण हसत नाही. तिच्याशी आपले काम उरले नाही म्हणून हसतो.

आता एक कबुली द्यायला हवी. २००६ साली मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे अनेक वर्षे सणाची, प्रथम ख्रिस्तशरीराची व लग्नांची छायाचित्रे एकच स्टुडिओवाले काका काढीत. त्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीराच्या समारंभासाठी मी एका नव्या छायाचित्रकाराला बोलावले, कारण तो त्याच संध्याकाळी सीडी हातात देणार होता. काका चौकशीला आले तेव्हा मी हसून म्हणालो, "काका, अजूनही रोलच वापरता? काळाबरोबर चालायला हवे." ते काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी त्यांचा स्टुडिओ बंद झाला.

ती सीडी आज उघडत नाही. त्या दिवशी पांढऱ्या पोशाखात वेदीसमोर उभ्या राहिलेल्या मुलांचा एकही फोटो त्या धर्मग्रामाच्या दप्तरात नाही. त्याआधीच्या वर्षांचे मात्र काकांच्या पेट्यांत आहेत. आणि त्या पेट्यांसाठी रद्दीवाला येऊन गेला होता; जुन्या फिल्ममधून चांदी निघते, म्हणून तो किलोच्या भावाने त्या घेणार होता. काकांची मुले म्हणत होती, जागा अडते, देऊन टाकू.

मी येथे फिल्मची आरती ओवाळीत नाही. फिल्मही नश्वरच आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज शिल्लक आहे आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचे कितीतरी डबे भस्मसात झाले. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स 'इंदू' नावाची स्वदेशी फिल्म बनवीत असे. तो कारखानाही बंद पडला. रंगीत रोल आज हजार रुपयांच्या घरात गेला आहे, तो प्रत्येकाने घ्यावा असे कोण म्हणेल? शिवाय मोबाइलमुळे गरिबाच्या घरीही बाळाचा फोटो निघू लागला, हा मोठाच लाभ आहे.

तरीही त्या तरुणाने मला एक गोष्ट शिकवली. मी त्याला विचारले, "दिसत नाही, तर चित्र बरोबर आले हे तुला कसे कळते?" तो म्हणाला, "फादर, कळत नाही. म्हणून खटका दाबण्याआधी नीट बघतो." फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हा चांदीच्या क्षाराच्या कणांत अतिसूक्ष्म बदल होतो, डोळ्यांना काहीही दिसत नाही. पण चित्र तेथे असते. ते रसायनात प्रकट होईपर्यंत अंधारात जपावे लागते. संत थॉमसने पाहिल्यावाचून विश्वास ठेवायला नकार दिला म्हणून प्रभूने त्याला झिडकारले नाही; आपल्या जखमा दाखवल्या. मात्र न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने धन्य म्हटले. 'लगेच दाखव' म्हणणाऱ्या मुलांचे चुकले नाही. मात्र न दिसणारे जपणाराही वेडा नसतो, एवढे त्यांना सांगायला आपण शिकले पाहिजे.

त्या सणानंतर मी काकांचे घर शोधत गेलो व क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, त्या वर्षी सगळेच तसे म्हणत होते." हे ऐकून मला बरे वाटले नाही. सगळे म्हणत होते म्हणूनच एकाने तरी म्हणायला नको होते.

पेट्या आता आमच्या चर्चच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. रविवारी मिस्सा झाल्यावर तो तरुण आणि काका खिडकीपाशी बसतात. तरुण एकेक निगेटिव्ह उजेडासमोर धरतो, काका नाव व साल सांगतात आणि ते वहीत लिहिले जाते. काकांची दृष्टी मंदावली आहे, त्यामुळे काम सावकाश चालते. काही चेहऱ्यांची नावे त्यांनाही आठवत नाहीत. तेथे वहीत जागा कोरी ठेवली जाते.

वाचकांनी आपापल्या घरातील कपाटे एकदा उघडून पाहावीत, एवढीच विनंती. पिवळ्या पाकिटात ठेवलेल्या तपकिरी पट्ट्या सापडल्या, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्या उजेडासमोर धराव्यात. आणि त्यांतील माणसांना नावाने ओळखणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांना आजच विचारून घ्यावे.