कुजणाऱ्या जाळ्यांचा काळ

मुंबई आणि ठाण्याच्या किनाऱ्यावर बोंबील धरण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवून, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून जे निमुळते, अजस्र डोल जाळे बांधण्याची वहिवाट आहे, त्यात गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ताग आणि कापूस यांखेरीज दुसरे सूत क्वचितच असे. हे सूत पुष्कळदा कोळीवाड्यातच कातले जाई, जाळेही तेथेच विणले जाई, आणि विणून झाल्यावर खरी मेहनत सुरू होई. कारण खाऱ्या पाण्यात भिजलेला तंतू सूक्ष्म जंतूंना बळी पडून थोड्याच अवधीत विरू लागतो. म्हणून ऐनाची साल कुटून ती मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळीत, त्या तांबूसकाळ्या, तुरट काढ्यात जाळे मुरवीत आणि मग वाळूवर पसरून कडक उन्हात वाळवीत. काही दिवसांनी काढ्याचा अंमल उतरला की पुन्हा भांडे चुलीवर चढे. हा सारा खटाटोप कुजणे लांबवण्यासाठी होता. ते मुळीच टाळता येईल, ही कल्पना कोणाच्या स्वप्नीही नव्हती. जाळे अखेरीस चिखलात विरून जाई, आणि कोळी नव्या सुतासाठी पुन्हा सावकाराच्या दारी उभा राही.

वॉलेस कॅरोदर्स या रसायनज्ञाने 1935 साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन सिद्ध केले, ते काही मासेमारीसाठी नव्हे. परंतु स्वातंत्र्यानंतर मत्स्योत्पादन वाढवण्याचे सरकारी धोरण ठरले, 1957 साली कोचीनला मत्स्यतंत्रविषयक केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि पुढील दशकात हे न कुजणारे, हलके, बळकट सूत बंदराबंदरांत पोहोचले. सहकारी संस्थांमार्फत ते सवलतीच्या दराने देण्याची तजवीजही झाली. त्या धोरणास आज नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांची निम्मी मेहनत जाळे वाळवण्यात आणि अर्धी मिळकत व्याजात जात होती, त्यांना हे सूत वरदानच होते. नायलॉनमागून पॉलिएथिलीन आले, आणि ऐनाच्या सालीची गरज सरली.

मात्र एक हिशेब कोणत्याही दफ्तरात चढला नाही. नायलॉन पाण्याहून जड असल्याने त्याचा तुटलेला तुकडा तळाच्या गाळात बसतो, पॉलिएथिलीन हलके असल्याने लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागते; उष्ण कटिबंधातील प्रखर ऊन त्याला ठिसूळ करते, वाळूचे घर्षण त्याचे तुकडे पाडते, आणि खाडीतील तिवरांची मुळे जसा गाळ अडवतात तसेच हे कणही अडवून ठेवतात. म्हणजे जे वन माशांच्या पिलांचे आश्रयस्थान, तेच या कणांचे कोठार झाले. सार्गासो समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांची नोंद 1972 साली प्रसिद्ध झाली होती, पण अशा अतिसूक्ष्म कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव रूढ झाले ते इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्प्सन यांच्या 2004 सालच्या शोधनिबंधानंतर; पुढे पाच मिलिमीटरांची मर्यादा सर्वमान्य झाली. कोचीनच्या किनाऱ्यावरील कोळंबीच्या शरीरात असे कण सापडले, आणि त्यांत तंतूंचाच भरणा अधिक होता. (सारेच तंतू जाळ्यांचे असतात असे नव्हे, शहरात धुतल्या जाणाऱ्या कृत्रिम कपड्यांतून सुटलेले तंतूही नाल्यावाटे तेथेच येतात, आणि त्यांचा जाब मात्र कोणी कोळ्याला विचारतात तितक्या तत्परतेने विचारत नाही.)

या न कुजणाऱ्या सुताला पर्याय म्हणून दक्षिण कोरियात समुद्रजलात कालांतराने विघटन पावणारी कृत्रिम जाळी तयार झाली असून, ती महाग पडतात म्हणून तेथील शासन त्यांवर अनुदान देते. नॉर्वेत कॉड माशावर घेतलेल्या चाचण्यांत अशा जाळ्यांना नायलॉनपेक्षा मासळी कमी लागली. आपल्याकडे अशा सुताचा विचार व्हावयाचा, तर ही तूट भरून काढण्याची तरतूद आधी करावी लागेल. नायलॉनच्या वेळी सरकारने सवलत दिली होतीच.