चलन : खिडकीवरचे आणि पडद्यावरचे

आयकराची चर्चा होते ती दरांची आणि सवलतींची. तो भरायचा कुठे आणि कसा, याचाही एक इतिहास आहे. त्याविषयी हा धागा.

१८५७च्या उठावानंतर तिजोरीत पडलेली तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. वार्षिक दोनशे रुपयांखालील उत्पन्नाला सूट होती. (विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यास वारले. कर मात्र, मधले खंड वगळता, टिकला.) सरकारी भरणा करण्याचे ठिकाण म्हणजे खजिना आणि त्यासोबतचा कागद म्हणजे चलन, ही व्यवस्था जमीन महसुलामुळे लोकांच्या अंगवळणी पडलेलीच होती.

पुढे खजिन्याचे काम बँकांकडे आले. आयकराचे चलन चार प्रतींत भरावे लागे. त्यांपैकी शिक्का मारून परत मिळालेली प्रत हाच करदात्याचा पुरावा, म्हणून ती जपून ठेवायची. मार्चअखेर रिझर्व्ह बँकेच्या खिडक्यांवर इतकी गर्दी होई, की जनतेने आगाऊ आणि अन्य बँकांतून कर भरावा, असे आवाहन ती बँक वर्षानुवर्षे करीत असे.

जून २००४मध्ये ‘ओल्टास’ ही संगणकीय लेखापद्धती आली आणि चार प्रतींची जागा एका प्रतीने घेतली. खालची पट्टी फाडून करदात्याला मिळे. तिच्यावरील शिक्क्यात बँकशाखेचा सात आकडी क्रमांक, भरण्याची तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक असे. या तीन गोष्टींवरून भरलेली रक्कम नेमकी शोधता येऊ लागली. ही सुधारणा खरोखर चांगली होती, कारण तिने खिडकी बंद न करता खिडकीमागचे काम सुधारले.

१ एप्रिल २००८पासून कंपन्यांना आणि लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या करदात्यांना ऑनलाइन भरणा सक्तीचा झाला. बाकीच्या व्यक्तींना निवड राहिली, आणि नियमांच्या भाषेत ती पुढेही राहिली. पण भरणा आयकर खात्याच्या ‘ई-पे टॅक्स’ सुविधेवर गेला तेव्हा त्या निवडीचा अर्थ बदलला. बँकेच्या खिडकीवर कर देता येतो, मात्र चलन आधी संकेतस्थळावर तयार करून, छापून न्यावे लागते. रोख भरणा एका चलनामागे १०,००० रुपयांपर्यंतच. खिडकीही प्राधिकृत बँकेचीच हवी. ज्याचे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे, त्याने एनईएफटीची वाट धरावी, तर तिचा अर्जही त्याच संकेतस्थळावरून निघतो. म्हणजे ऑनलाइन न भरणाऱ्यालाही आरंभ ऑनलाइनच करावा लागतो.

यातील विसंगती वृद्धांच्या बाबतीत अधिक बोचते. ऐंशी वर्षांवरील व्यक्तीला आयटीआर-१ किंवा ४ हे विवरणपत्र कागदावर देण्याची मुभा नियमांनी ठेवली, कारण संगणक सर्वांना जमत नाही हे सरकारला मान्य होते. त्याच विवरणपत्रासोबतचा कर भरण्यासाठी मात्र चलन संगणकावरूनच काढायचे. ते कुणी तरी काढून द्यावे लागते : मुलगा, कर सल्लागार, नाहीतर कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला. त्याला पॅन क्रमांक सांगावा लागतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही.

विलंब झाला, तर व्याज दरमहा एक टक्का, आणि महिन्याचा काही दिवसांचा भाग पूर्ण महिना धरला जातो. तयार केलेले चलनही पंधरा दिवसच चालते. त्या मुदतीत बँकेत जाणे झाले नाही, तर सायबर कॅफेची पायरी पुन्हा चढायची.