बंब (पाणी तापविण्याचे उपकरण)

बंब हे अंघोळीचे पाणी तापविण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे पारंपरिक घरगुती उपकरण आहे. विजेचे व गॅसचे गीझर येण्यापूर्वी महाराष्ट्रात त्याचा वापर सर्रास होत असे. अग्निशामक वाहनासही बंब म्हणतात.

रचना

बंबाच्या उभ्या नळकांड्याच्या मधोमध एक नळी असते. तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या, कोळसा किंवा गोवऱ्या टाकतात. राख तळाच्या जाळीतून खाली पडते. नळीभोवतीचे तापलेले पाणी तोटीतून काढतात.

देखभाल व दुरुस्ती

जाळीत राख साचल्यास हवा खेळत नाही व धूर होतो. म्हणून राख नियमित काढावी लागते. वाशीसह (धाराशिव जिल्हा) मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातील भूजल बहुधा दुष्फेन, म्हणजे क्षारयुक्त असते. ते तापल्यावर नळीवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे जळण अधिक लागते. चिंचेच्या किंवा लिंबाच्या आम्लाने तो विरघळतो. पाणी न भरता बंब पेटविल्यास सांध्यांचा डाख वितळून गळती लागू शकते. ती तांबटाकडून दुरुस्त करून घेतात.

सुरक्षितता

बंद न्हाणीघरात बंब पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचून मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे बंब अंगणात किंवा हवेशीर जागी पेटविणे आवश्यक असते.